कॅरेट परत दिलं, मग अनामत कुठंय? रिकाम्या कॅरेट-बारदान्याचा हिशेब कसा ठेवायचा

छत्रपती संभाजीनगर : टोमॅटोची तोड सुरू झाली की गावागावात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘आज काय भाव निघाला?’ पारावर, हॉटेलात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळीकडे भावाचीच चर्चा. पण ‘कॅरेट किती गेले होते आणि किती परत आले?’ हे कोणी विचारत नाही. हंगाम संपतो, गोठ्यामागं फुटके पंधरा-वीस कॅरेट पडलेले दिसतात, बाकीचे कुठं गेले ते कोणालाच सांगता येत नाही. आणि व्यापाऱ्याकडं ठेवलेली अनामत? ती ‘शेवटच्या पट्टीत वळती झाली’ एवढंच उत्तर मिळतं.

आमच्या घरचंच सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका व्यापाऱ्याकडून ८० कॅरेट घेतले होते. दर कॅरेटला १०० रुपये अनामत, म्हणजे ८ हजार रुपये रोख मोजले. चिठ्ठीवर त्याने फक्त ‘डिपॉझिट ८०००’ लिहिलं. हंगाम संपल्यावर ७१ कॅरेट परत गेले, ९ कमी पडले. आमचा हिशेब असा, की ९ कॅरेटचे ९०० रुपये कापा आणि ७,१०० परत द्या. त्याचा हिशेब वेगळा होता. नवं कॅरेट ३५० ला येतं, म्हणून ९ चे ३,१५० कापले आणि हातावर ४,८५० टेकवले. २,२५० रुपयांचा फरक. बरं, ते ९ कॅरेट आमच्याकडं हरवलेच नव्हते. एकदा त्याचीच गाडी थेट शेतातून माल भरून गेली होती, त्या दिवशी गेलेले कॅरेट कोणी लिहूनच ठेवले नाहीत. कागद नव्हता, त्यामुळं भांडायला तोंडही नव्हतं.

हा प्रकार एकट्या आमच्याबाबत झालेला नाही, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. म्हणून आज भाव बाजूला ठेवून रिकाम्या कॅरेटवर बोलू.

अनामत म्हणजे भाडं नाही आणि किंमतही नाही

इथंच पहिला घोळ होतो. कॅरेट, बारदाना, दुधाचं कॅन, पाण्याचा जार, गॅसची टाकी या सगळ्या वस्तूंमध्ये दोन व्यवहार एकाच वेळी होतात. आतला माल विकला जातो, बाहेरचं भांडं मात्र फक्त वापरायला दिलेलं असतं. भांडं परत यावं म्हणून जी रक्कम अडकवून ठेवतात ती अनामत. भांडं परत आलं की ती परत द्यायची. भाडं वेगळं असतं, ते वापराबद्दल असतं आणि परत मिळत नाही. काही ठिकाणी भाडं आणि अनामत दोन्ही घेतात. त्यात चूक काही नाही, पण दोन्ही आकडे वेगळे लिहिलेले पाहिजेत. ‘कॅरेटचे पैसे’ असं मोघम लिहिलं की नंतर ज्याला जे सोयीचं ते तो म्हणणार.

घरातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे गॅस सिलिंडर. टाकी आपल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं असते, पण ती आपली नसते, कंपनीची असते. आपण भरतो ती अनामत. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत १६ जून २०२२ पासून १,४५० वरून २,२०० रुपये झाली, रेग्युलेटरची १५० वरून २५०. उज्ज्वला योजनेत ही अनामत सरकार भरतं. कनेक्शन घेताना जो कागद मिळतो, त्याला एजन्सीवाले एसव्ही म्हणतात. त्यावर तुम्ही भरलेली रक्कम छापलेली असते. कनेक्शन कायमचं बंद केलं तर टाकी आणि रेग्युलेटर जमा करून त्या कागदावरची रक्कम परत मिळते. २०१९ ला कनेक्शन घेतलं असेल तर कागदावर १,४५० असतील आणि तेच परत येतील, आजचे २,२०० नाही. आमच्याकडं किती घरांत हा कागद सापडेल? रेशन कार्डाच्या पिशवीत एकदा बघा.

गॅसच्या व्यवहारात वाद क्वचित होतो. कारण रक्कम किती, कोणत्या वस्तूसाठी, परत कधी, हे सगळं पहिल्याच दिवशी छापून हातात मिळतं. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये तेवढंच नसतं.

अनामत कमी ठेवली तर कॅरेट परत येत नाही

समजा बाजारात नवं कॅरेट ३०० रुपयांना मिळतं आणि अनामत आहे १००. आता ज्याच्याकडं कॅरेट आहे त्याच्या डोक्यात काय हिशेब चालेल? परत केलं तर १०० मिळणार, ठेवून घेतलं तर ३०० ची वस्तू १०० रुपयांत पडली. कोंबड्या झाकायला, बी-बियाणं ठेवायला, पाहुण्यांना आंबे पाठवायला कॅरेट कामाचंच असतं. म्हणजे त्याने चोरी केली असं नाही, त्याला तुम्हीच १०० रुपयांत कॅरेट विकलं.

मग अनामत पूर्ण ३०० ठेवायची का? ते पण अवघड. छोट्या भाजीवाल्याला २०० कॅरेट लागले तर ६० हजार रुपये नुसते अडकले. तो म्हणेल, मी दुसऱ्याकडून माल घेतो. त्यामुळं ओळखीच्या, रोजच्या माणसाला अनामत कमी आणि नोंद पक्की, नव्या माणसाला अनामत पुरी, असा मधला मार्ग बहुतेक जण काढतात. तो बरोबरच आहे. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवशी बोलून घ्यावी, की कॅरेट हरवलं तर फक्त अनामत जाणार की नव्या कॅरेटची किंमत द्यावी लागणार? आणि जुन्या, तीन हंगाम वापरलेल्या कॅरेटला नव्याची किंमत कशी लावणार? आमचे २,२५० रुपये याच एका न बोललेल्या वाक्यात गेले.

रक्कम फारच कमी असली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. त्यात दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायची, एक लिटर आणि त्यापेक्षा मोठ्या पाण्याच्या बाटलीला १ रुपया, त्यापेक्षा लहान बाटलीला २ रुपये, अशी योजना होती. तुम्ही दुकानात पिशवी देऊन कधी ५० पैसे परत घेतलेत का? मी तरी घेतले नाहीत. धुऊन, वाळवून, साठवून ठेवायची आणि आठ आण्यासाठी दुकानदाराशी हुज्जत घालायची, कोण करणार? दुकानदाराला तरी त्या वासाच्या पिशव्या ठेवायला जागा कुठंय?

याच्या उलट तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारी दारू दुकानातून बाटलीमागं १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणली की ते परत देतात. जंगलात फुटलेल्या काचांनी हत्तींचे पाय कापत होते, म्हणून ही योजना आली. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या पाण्याच्या आणि शीतपेयाच्या बाटल्या-डब्यांवर अनामत आहे, आता ती २५ सेंट आहे. म्हणजे वीस-पंचवीस रुपये. त्या रकमेसाठी माणूस बाटली परत नेऊन देतो.

आणि आपल्या वाळूजचं काय? वाळूज परिसरात बिअरचे मोठे कारखाने आहेत. बिअरची काचेची बाटली धुऊन पुन्हा भरता येते. गिऱ्हाइकाकडून तिची अनामत कोणी घेत नाही, तरी ती परत फिरते. कारण भंगारवाल्याला तिचे पैसे मिळतात. बारमधून भंगारवाला, भंगारवाल्याकडून बाटल्यांचा मोठा व्यापारी, तिथून कारखाना. म्हणजे परत आणणाऱ्याला दोन पैसे सुटले की वस्तू आपोआप परत येते. जुने किराणा दुकानदार आठवा. काचेच्या बाटलीतलं थंड पेय दिलं की ‘इथंच पिऊन बाटली ठेव’ म्हणायचे, घरी न्यायची तर आधी बाटलीचे पैसे ठेवायचे. शिकलेले नव्हते, पण अनामतीचं शास्त्र त्यांना पुरतं कळत होतं.

कॅरेट किती घ्यावेत? उत्तर दिवसांत आहे

आता जरा हिशेब करू. समजा तुमची तोड दर तिसऱ्या दिवशी आहे आणि एका तोडीला ६० कॅरेट माल निघतो. कॅरेट दुसऱ्याच दिवशी परत येत असतील तर ६० कॅरेटमध्ये हंगाम निघतो. चार-पाच फुटतील म्हणून ६५ ठेवा. पण माल लांबच्या मार्केटला गेला आणि कॅरेट पाचव्या दिवशी परत आले, तर? तिसऱ्या दिवशी दुसरी तोड आली, पहिले ६० अजून बाहेरच आहेत. आता तुम्हाला आणखी ६० पाहिजेत. ३०० रुपयांप्रमाणे १८ हजार रुपये जादा अडकले. माल तेवढाच, शेत तेवढंच, फक्त कॅरेट परत यायला तीन दिवस उशीर झाला म्हणून.

शेतकरी काय म्हणतो, ‘कॅरेट कमी पडतात, अजून घ्यावे लागतील.’ अरे बाबा, कॅरेट कमी नाहीत, ते फिरत नाहीत. व्यापाऱ्याच्या गाळ्यावर तुमचे रिकामे कॅरेट उभे असतात, त्यात तो दुसऱ्याचा माल भरतो. म्हणून नवे कॅरेट विकत घेण्याआधी एक फोन करा, ‘माझे कॅरेट उद्याच्या गाडीत टाका.’ गाडीवाल्याला रिकामे आणायचे दहा-वीस रुपये जास्त देणं परवडतं, १८ हजार अडकवणं परवडत नाही.

मुंबईचे डबेवाले सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हेच करतायत. डबा सकाळी जातो, दुपारी रिकामा होतो आणि त्याच दिवशी घरी परत येतो. डब्यावर रंगाची खूण असते, त्यामुळं कोणाचा डबा कोणाकडं जात नाही. दिवसाच्या दिवशी परत येतो म्हणून घरात दोन डबे असले तरी भागतं.

हरवलेल्या कॅरेटचे पैसे किलोमागं किती बसतात

३०० रुपयांचं कॅरेट नीट सांभाळलं आणि ६० खेपा चाललं, तर एका खेपेला ५ रुपये पडले. २० किलोचं कॅरेट धरलं तर किलोमागं चार आणे. काहीच नाही म्हणा.

पण दर खेपेला शंभरात पाच कॅरेट गायब होत असतील तर? मग सरासरी एक कॅरेट २० खेपाच टिकतं. खेपेला १५ रुपये, किलोमागं ७५ पैसे. टोमॅटो ३० रुपये किलो असताना हे ७५ पैसे दिसतही नाहीत. पण ज्या आठवड्यात भाव ४ रुपयांवर येतो, तोडणीची मजुरी निघत नाही, लोक रस्त्याच्या कडेला माल ओततात, त्या आठवड्यात हे ७५ पैसे म्हणजे भावाचा जवळपास पाचवा हिस्सा. आणि गंमत अशी, की भाव पडला की कॅरेट जास्त हरवतात. कारण तेव्हा कोणाचंच लक्ष नसतं, कोणी परत आणायला जात नाही.

शंभरात पाचचं शंभरात दोनवर आणलं तर कॅरेट सरासरी ५० खेपा चालतं आणि खर्च ६ रुपयांवर येतो. त्यासाठी करायचं काय? तापलेल्या सळईने कॅरेटवर नावाची अक्षरं डागायची. रंगवलेलं नाव दोन हंगामांत उडतं, आणि ज्याला पुसायचं तो पुसतोही. डागलेलं जात नाही. सगळ्या गावाने निळे कॅरेट घेतले असतील तर आपण वेगळ्या रंगाचे घ्यावेत, लांबून ओळखू येतात. आणि कॅरेट धुवा. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवले की मागच्या सडक्या मालाचे जंतू नव्या मालाला लागत नाहीत. परतीच्या कॅरेटसोबत दुसऱ्याच्या शेतातला रोग आपल्या शेतात येऊ शकतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

वजनातली मेख

कॅरेट हरवण्यापेक्षा मोठं नुकसान कधी कधी वजनकाट्यावर होतं, आणि ते दिसत नाही. माल कॅरेटसकट काट्यावर चढतो, मग कॅरेटचं वजन वजा करतात. किती वजा करतात ते बघता का? समजा तुमचं रिकामं कॅरेट भरतं १ किलो ७०० ग्रॅम आणि पट्टीवर वजा झालं अडीच किलो. एका कॅरेटमागं ८०० ग्रॅम माल फुकट गेला. ६० कॅरेटला ४८ किलो. १० रुपये भाव धरला तरी एका खेपेला ४८० रुपये. हंगामात अशा २० खेपा झाल्या तर ९,६०० रुपये. एवढ्यात ३२ नवे कॅरेट आले असते.

उपाय अगदी साधा. घरून निघताना पाच रिकामे कॅरेट एकत्र वजन करा, पाचने भागा, मोबाईलमध्ये काट्याचा फोटो काढा. गाळ्यावर आधीच सांगा, आमचं कॅरेट एवढं भरतं. ओल्या कॅरेटचं वजन जास्त भरतं हे खरं आहे, पण इतकं नाही. भांडणाची गरज पडत नाही, बहुतेक वेळा समोर फोटो दाखवला की आकडा सुधारतो. नाहीच सुधारला तर वजनमापाच्या तक्रारीसाठी वैधमापन शास्त्र विभाग आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचं कार्यालय असतं.

बारदान्याची गोष्ट

कन्नड, खुलताबाद, फुलंब्रीकडचं अद्रक, सिल्लोडची मिरची, लासूर स्टेशनच्या बाजारातला कांदा, मका, सोयाबीन, या मालाला कॅरेट नाही, पोती लागतात. ५० किलो धान्याच्या नव्या तागाच्या पोत्याचं ठरलेलं वजन ५८० ग्रॅम असतं. ‘गोणीचं एक किलो’ असं सरसकट कापलं तर पोत्यामागं ४२० ग्रॅम गेले. शंभर पोत्यांना ४२ किलो. सोयाबीनच्या भावात किती होतात ते तुम्हीच काढा.

रिकामं पोतं ही किती अडवणारी गोष्ट असू शकते, हे २०२४-२५ च्या हंगामात सगळ्यांनी पाहिलं. सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल, बाजारात भाव त्याच्या खाली. खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा होत्या, माल होता, काटा होता, पण राज्यात अनेक केंद्रांवर बारदाना संपला म्हणून खरेदी थांबली. ज्यांना पैशाची घाई होती त्यांनी कमी भावात माल व्यापाऱ्याला घातला. केंद्र सरकारच्या १९८७ च्या ताग कायद्यानुसार धान्यासाठी तागाची पोती वापरणं बंधनकारक आहे, आणि ती मुख्यतः पश्चिम बंगालच्या गिरण्यांतून येतात. तिकडून यायला उशीर झाला की इकडं वैजापूर-गंगापूरचा शेतकरी उभा राहतो. एकदा वापरलेलं चांगलं पोतं ही पण संपत्तीच आहे. उंदरांपासून वाचवून, झटकून, घडी घालून, मोजून ठेवलं तर पुढच्या वर्षी घरचा माल भरायला कामी येतं.

वाळूजच्या कंपन्या हेच काम कसं करतात

आपल्याकडची बरीच पोरं वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला कामाला आहेत. स्टोअर किंवा गेटवर काम करणाऱ्याला हे रोजचं आहे. गाड्यांचे सुटे भाग प्लास्टिकच्या बिनमध्ये, लोखंडी ट्रॉलीत येतात. माल उतरला की त्याच टेम्पोत रिकामे बिन परत जातात. ‘रिटर्नेबल गेट पास’ नावाचा कागद असतो. त्यावर किती बिन आत आले, किती बाहेर गेले, किती शिल्लक, सही. गेटवरचा माणूस मोजल्याशिवाय गाडी सोडत नाही. पुठ्ठ्याचं खोकं दरवेळी विकत घ्या, फाडा, फेका, यापेक्षा बिन शंभरदा फिरवणं स्वस्त पडतं. मात्र ते मोजणाऱ्या माणसामुळं स्वस्त पडतं, मोजणं थांबलं की पुठ्ठाच बरा.

त्यांनी ओळखलेली आणखी एक गोष्ट म्हणजे रिकाम्याने खाल्लेली जागा. साधं कॅरेट रिकामं असलं तरी भरलेल्याइतकीच जागा घेतं. म्हणजे पिकअप येताना हवा भरून येतो आणि डिझेल तेवढंच जाळतो. एकात एक बसणारे किंवा घडी होणारे कॅरेट मिळतात, किंमत जास्त असते. माल जवळच विकत असाल तर त्यांची गरज नाही. दोनशे-तीनशे किलोमीटर लांब पाठवत असाल, किंवा परतीच्या गाडीत खत, पेंड आणायची असेल, तर हिशेब करून बघण्यासारखे आहेत.

अनामत हातात आली म्हणून ती कमाई नाही

आतापर्यंत अनामत देणाऱ्याच्या बाजूने बोललो. आता घेणाऱ्याशी बोलू, कारण गावातली कितीतरी पोरं आज पाण्याचे जार, दूध संकलन, कॅटरिंगची भांडी, मंडपाचं सामान असे धंदे करतात.

समजा एकाने थंड पाण्याच्या जारचा धंदा टाकला. मार्च ते मे मध्ये ४०० गिऱ्हाइकं जोडली, जारमागं १५० रुपये अनामत घेतली. ६० हजार रुपये जमले. त्याला वाटलं धंदा जोरात आहे, त्या पैशातून लोडिंग रिक्षाचा पहिला हप्ता भरला. जूनमध्ये पाऊस पडला, विहिरींना पाणी आलं. दीडशे लोक म्हणाले, जार घ्या, आमचे पैसे द्या. २२,५०० रुपये एकदम कुठून आणणार? मग तो टाळाटाळ करतो, फोन उचलत नाही. गावात नाव खराब होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जातं. पोरगं लबाड नव्हतं. त्याने देणं असलेला पैसा कमाई समजून खर्च केला, एवढंच.

अनामतीसाठी वेगळं बँक खातं काढा. निदान हंगाम संपताना एका वेळी जेवढे लोक परत येऊ शकतात तेवढी रक्कम तरी हात न लावता ठेवा. मागच्या वर्षी किती जार परत आले ते वहीत असेल तर हा आकडा काढता येतो.

शेतकरी गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी जीएसटीची एक बाब लक्षात ठेवावी. कायद्यात परतीची अनामत ही मालाची किंमत धरलेली नाही. जोपर्यंत ती किमतीत वळती करत नाही तोपर्यंत तिच्यावर कर लागत नाही. पण ‘कॅरेट आलं नाही, अनामत जमा करून घेतली’ असं केलं की प्रश्न बदलतो, तेव्हा तुमच्या सीएला विचारूनच नोंद करा. रिकामे कॅरेट गाडीतून परत पाठवताना विक्रीचं बिल नसतं, म्हणून डिलिव्हरी चलन सोबत द्यावं. त्यावर ‘रिकामे कॅरेट, परतीसाठी, विक्री नाही’ असं स्पष्ट लिहिलं की रस्त्यात कोणी अडवलं तरी ड्रायव्हरला उत्तर देता येतं.

गटाने कॅरेट एकत्र घेण्याचा विचार तर जरूर करावा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने ऑस्ट्रेलियात मागं सोडलेले लाकडी पॅलेट तिथल्या सरकारने एकत्र करून वापरायला दिले. त्यातूनच पुढं पॅलेट भाड्याने देणारी जगातली मोठी कंपनी उभी राहिली. आपल्याला जगातली मोठी कंपनी नको, पण एका गावात दहा शेतकऱ्यांची तोड वेगवेगळ्या दिवशी असेल तर प्रत्येकी १२० म्हणजे १,२०० कॅरेट लागत नाहीत, निम्म्यात भागतं. अडचण एकच, वही कोण ठेवणार? सामायिक वस्तू कोणाचीच नसते. वही ठेवणाऱ्याला गटाने कॅरेटमागं थोडे पैसे द्यावेत, फुकटच्या सचिवाकडून हे काम होत नाही.

पट्टीवर काय लिहून घ्याल

वही मोठी लागत नाही. तारीख, कोणाकडं, किती गेले, किती आले, किती शिल्लक, आणि समोरच्याची सही. सही देत नसेल तर गाडी भरल्यावर कॅरेटच्या थप्पीचा फोटो काढून लगेच त्यालाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि खाली लिहा, ‘आज ६० कॅरेट पाठवले, आधीचे २२ तुमच्याकडं, एकूण ८२.’ तो ‘ओके’ म्हणाला की झाली नोंद. उत्तर नाही दिलं तरी मेसेज तारखेसह राहतो.

विक्रीच्या पट्टीवर हमाली, तोलाई लिहितात तसा कॅरेटचा आकडाही लिहून घ्यावा. भाडं कापलं असेल तर ‘भाडं’ म्हणून वेगळं, अनामत असेल तर ‘परतीची अनामत’ म्हणून वेगळं. फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, हा नियम २०१६ पासून आहे. तेव्हा ‘कॅरेट खर्च’ या नावाखाली तीच अडत मागच्या दाराने तुमच्या पट्टीत येत नाही ना, तेवढं बघा.

व्यवहार जाधववाडीसारख्या बाजार समितीच्या आवारात, परवानाधारक व्यापाऱ्याशी झाला असेल तर अनामत अडवल्याची लेखी तक्रार समितीच्या सचिवांकडं करता येते. शिवारात, रस्त्यावर, खासगी खरेदीदाराला माल दिला असेल तर जुलै २०१६ पासून आवाराबाहेरचा फळं-भाजीपाल्याचा व्यवहार समितीच्या नियंत्रणात नाही. तिथं तुमच्याकडं तुमचा कागद आणि तुमचा मोबाईल, एवढंच असतं. या हंगामात पहिली गाडी भरायच्या आधी व्यापाऱ्याला तीन गोष्टी विचारून मेसेजमध्ये लिहून घ्या, की अनामत कॅरेटमागं किती, हरवलं तर किती कापणार आणि हंगाम संपल्यावर किती दिवसांत परत देणार.